हळदीच्या मांडवातला श्रवणवर्ग

माझ्या मावसबहिणीने मला ऐकायला शिकवणाऱ्या वर्गात घातलं, तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटलेली होती, दोन्ही कान शाबूत होते आणि मी स्वतःला वादक समजत होतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी अजूनही खऱ्या आहेत.

दिवसा मी तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्यात स्टोअरला असतो. लग्नसराईत संध्याकाळी एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. पार्टी सातपाटीची. मालकाने वडिलांची बोट भावाच्या गळ्यात घातली आणि स्वतः बँड काढला. तो वाजवत काहीच नाही, मिक्सरवर बसतो. त्याची संगीताची कसोटी एकच: मांडवाच्या मागे आचाऱ्याची पातेली थरथरली पाहिजेत. थरथरली तर कार्यक्रम चांगला झाला.

मावसबहीण पालघरला राहते. साडीचं दुकान, केकवाली, चष्मेवाला अशा चारदोन जणांची ऑनलाइन पानं सांभाळते. त्यात आमचा बँडही. एका रविवारी ती बोईसरला घरी आली आणि चहा व्हायच्या आतच म्हणाली, "दादा, आता नुसतं ओरडून माल खपत नाही. ऐकावं लागतं. लोकांचं ऐकणाराच पुढे जातो."

"कोण म्हणतं?"

"एक सर आहेत. त्यांचा व्हिडिओ बघितला."

"पूर्ण बघितलास?"

"दुप्पट वेगात," ती म्हणाली. तिला त्यात काही खटकलं नाही.

सरांचा ऑनलाइन वर्ग 'संगीतकार आणि मार्केटिंगवाल्यांसाठी सक्रिय श्रवण' या नावाने चालायचा. या दोन जमाती एकत्र का, याचं उत्तर सरांनी पहिल्याच दिवशी दिलं. दोघांनाही समोरच्याचं मन जिंकायचं असतं म्हणे. मला वाटतं, दोघांपैकी कुठलाच वर्ग एकटा भरत नसावा. मी आणि बहिणीने मिळून एकच नाव घातलं आणि माझ्या बैठकीतल्या पलंगावर एका फोनपुढे दोघं बसलो. म्हणजे संगीतकारही झाले आणि मार्केटिंगवालेही.

सर उत्साही होते. त्यांच्या मागे पुस्तकांनी भरलेलं भलंमोठं कपाट दिसायचं, पण ते खोटं, फोनने टाकलेलं चित्र. त्यामुळे सरांनी मान वळवली की त्यांचा एक कान पुस्तकांत गडप व्हायचा. ऐकण्याचा गुरू अर्धा वर्ग एकाच कानावर काढत होता. सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांचे माईक बंद केले, कारण 'मध्येमध्ये आवाज आला की श्रवणाचं वातावरण बिघडतं'. मग ते ऐकण्याविषयी बोलले. पाणी न पिता बोलले. खाली कोणीतरी लिहिलं, 'सर, आवाज फाटतोय.' सर खूश झाले. "छान! असेच व्यक्त होत राहा," म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

शिकवलं ते थोडक्यात असं. समोरचा बोलत असताना मान हलवायची. मध्ये तोंड घालायचं नाही. त्याचं बोलून झालं की तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं आणि 'तुम्हाला असं वाटतंय का?' असं विचारायचं. म्हणजे समोरच्याला आपलं कोणीतरी ऐकलं असं वाटतं. प्रत्यक्षात ऐकलं पाहिजे की नाही, यावर त्या दिवशी वेळ उरला नाही.

मी पहिला प्रयोग घरातच केला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गॅस संपलाय."

मी दारात जाऊन उभा राहिलो. मान हलवली. म्हटलं, "म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळेला गॅस संपल्यामुळे तुला एकटं पडल्यासारखं वाटतंय का?"

तिने लायटर ओट्यावर ठेवला. "मला काय वाटायचंय? गॅस संपलाय. सिलिंडर लाव."

कारखान्यात मी तो प्रयोग केला नाही. आमच्याकडे उत्तर प्रदेशातले कामगार आहेत. "भैया, ड्रम गिर रहा है," असं कोणी म्हणालं तर त्याला कसं वाटतंय हे विचारायला सवड नसते.

दुसऱ्या वर्गात गृहपाठ मिळाला. संगीतकारांनी आपल्याच कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकायचं, पण स्वतःकडे लक्ष न देता बाकीचे काय वाजवतात ते टिपायचं. मार्केटिंगवाल्यांनी आपल्या पानावरच्या जुन्या प्रतिक्रिया वाचायच्या, उत्तर न देता. बहिणीच्या दृष्टीने हा अन्याय होता. ती प्रत्येक प्रतिक्रियेखाली हात जोडलेलं चित्र टाकायची. वाचावं लागतं अशी कल्पना तिला नव्हती.

मी फोनला हेडफोन लावला आणि मनोरच्या एका हळदीचा आमचाच व्हिडिओ ऐकायला बसलो. सरांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःकडे दुर्लक्ष करायला लागलो. बेंजो ऐकला. ऑक्टोपॅड ऐकला. ढोलकीवाला दर कडव्याला थोडा पळतो हे कळलं. छान वाटलं, आपण शिकतोय असं वाटलं. मग लक्षात आलं की स्वतःकडे दुर्लक्ष करायला मला काहीच कष्ट पडत नाहीत. मी दुसरा व्हिडिओ लावला, तिसरा लावला. पडद्यावर मी दिसत होतो, डोळे मिटून, खांदे उडवत, एका जागी तर भान हरपून मान मागे टाकलेली. फक्त कीबोर्ड कुठेच ऐकू येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटलो तो तडक सातपाटीला मालकाच्या घरी गेलो. तो ओटीवर तारांची गुंडाळी करत बसला होता.

"माझा आवाज का येत नाही?" मी विचारलं.

"येतो की. मॉनिटरमदी देतो ना तुला."

मॉनिटर म्हणजे वादकाच्या पायापाशी ठेवलेला छोटा स्पीकर. त्यातून वादकाला स्वतःचं वाजवणं ऐकू येतं. फक्त त्यालाच.

"आणि बाहेर?"

"बाहेर नाय देत." त्याने गाठ सोडवली. "बेंजो नि कीबोर्ड दोनी सोडले का आवाज फुटतो. लोकांना बेंजो पायजे."

"मग मला ठेवलाय कशाला?"

"स्टेजवर भरल्यासारखं वाटतं रे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जराही वाईटपणा नव्हता. "आणि तू मन लावून वाजवतोस. बगायला बरं वाटतं."

मी घरी येईपर्यंत मोटारसायकलवर स्वतःशी बोलत होतो. राग होता, आणि रागापेक्षा जास्त लाज होती. किती लग्नांत मी दमून घरी आलो होतो आणि बायकोला म्हणालो होतो की आज बोटं चालली! बोटं चालली होती हे खरंच. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, मध्ये तोंड घातलं नाही आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे तुला एकटं पडल्यासारखं वाटतंय का?"

त्याच आठवड्यात बहिणीचा फोन आला. तिने प्रतिक्रिया वाचल्या होत्या आणि तिचा आवाज बदललेला होता. "दादा, लोक कधीपासून एकच विचारतायत आणि मी त्यांना नमस्कार करत बसलेय."

आमचा एक व्हिडिओ होता. त्यात ऐन रंगात जनरेटर बंद पडला होता. मालक शिव्या देत धावला, आम्ही वाद्यांवर हात ठेवून उभे राहिलो आणि बहिणीचा फोन चालूच राहिला. त्या अंधाऱ्या, शांत तुकड्यात मांडवाच्या आतून एका म्हातारीचा आवाज येत होता. धवलारीण होती ती. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवले म्हणणारी बाई असते, प्रत्येक विधीचं तिचं गाणं असतं. ती त्या दिवशीही गात होती, त्याच्या आदल्या लग्नातही गात असणार. आमच्या पातेली थरथरवणाऱ्या स्पीकरांमुळे ते कोणाला कळलं नव्हतं इतकंच. लाइट आली, बेंजो सुरू झाला आणि आवाज बुडाला. त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, 'मधली बाई कोण?', 'ते गाणं पूर्ण टाका', 'माझी आजी असंच म्हणायची, प्लीज पूर्ण टाका'. प्रत्येकाखाली बहिणीचे हात जोडलेले.

म्हणजे बँडच्या पानावर लोकांना सगळ्यात जास्त आवडला होता तो बँड बंद पडलेला भाग. बहिणीला ही संधी वाटली. मला, माझी त्या दिवसांतली मनःस्थिती बघता, हा न्याय वाटला.

धवलारीण सातपाटीचीच निघाली, मालकाच्या घरापासून दोन गल्ल्या आत. आम्ही शनिवारी दुपारी गेलो. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते आणि म्हातारी खाली बसून कावळे हाकत होती. बहिणीने ओळख सांगितली, फोन तिच्यापुढे धरला आणि सर सांगायचे तशी प्रेमळ, मोकळी मुद्रा केली.

म्हातारी बोलायला लागली. गुडघ्याबद्दल बोलली. मच्छीमार सोसायटीच्या बर्फाबद्दल बोलली. शेजारणीने कुंपण अंगणात किती हात पुढे सरकवलं ते हाताने मोजून दाखवलं. सून घरातच होती, आत भांडी वाजत होती. म्हातारी तिच्याबद्दलही बोलली, आतपर्यंत पोचेल अशा बेताने. "काय सांगू, माजं कोन ऐकतं या घरात?" बहीण मान हलवत राहिली. मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हातारी श्वास घ्यायला थांबली तशी बहीण म्हणाली, "म्हणजे आजी, तुम्हाला असं वाटतंय का, की घरात तुमचं कोणी..."

"आगो, तेच तर सांगतंय मगासपासून," म्हातारी म्हणाली. "तुला कमी ऐकू येतं काय?"

मग मी सरळ विचारलं. धवले रेकॉर्ड करायचेत, म्हणाल का?

"कोनाचं लगीन हाय?"

"कोणाचं नाही. असंच. फोनवर टाकायला."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लगीन नाय नि धवला म्हनायचा? कोनाला हलद लागंल त्यानं? तुला लागलीय का पोरी? नाय ना? मंग." आणि ती कावळ्याकडे वळली.

परत येताना बहीण केकवालीचं पान चाळत होती. पालघरच्या नाक्यावर ती म्हणाली, "बरोबरच आहे ना तिचं. मी केकचा फोटो वाढदिवसाशिवाय टाकते का?" तिच्या धंद्याच्या भाषेत याहून मोठी दाद नव्हती.

मग उपाय एकच उरला. खरी हळद, खरा मांडव आणि बँड बंद. पुढची हळद चिंचणीला होती. नवरीकडच्यांनी त्याच म्हातारीला बोलावलं होतं, त्यामुळे प्रश्न फक्त मालकाचा राहिला.

"बँड बंद ठेवायची सुपारी घेऊ?" तो म्हणाला. "लोक हसतील." सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बोलणं पक्कं होणं, आमच्या धंद्यात तो पवित्र शब्द आहे.

बहिणीने त्याची बाजू ऐकून घेतली. पण वर्गात शिकवलेलं एकही वाक्य तिने वापरलं नाही. सरळ थाप मारली. "डहाणूकडची एक पार्टी सुरूच करतेय म्हणे. खास धवल्यासाठी विश्रांती. लोक आवडीने बोलावतायत."

मालकाने तारांची गुंडाळी खाली ठेवली. "कोनची पार्टी?"

"नाव नाही कळलं."

"आपन आदी करू," तो म्हणाला.

चिंचणीला मांडव वाडीत होता, नारळांच्या मध्ये. ऊन उतरलं होतं. आम्ही नेहमीसारखं दणकून वाजवलं, पातेली थरथरली, मालक समाधानी झाला. मग नवरीला पाटावर बसवलं आणि त्याने, काळजावर दगड ठेवून, मोठे स्पीकर बंद केले. आवाज थांबला तसे लोक चपापले. एकाने विचारलंसुद्धा, "फ्यूज गेला काय?"

म्हातारी पाटाशेजारी बसली होती, दोन्ही बाजूंना तिच्याच वयाच्या दोघी जणी. माईक दिला तर तिने तो वांग्यासारखा उलटसुलट करून परत केला. मग सुरुवात केली.

आता मी वादक. इतकी वर्षं ज्याचा आवाज बाहेर गेलाच नाही असा. मला वाटलं, हीच वेळ आहे. मोठे स्पीकर बंद असले तरी माझा मॉनिटर चालू होता. सरांनी सांगितलं होतं, साथ करणाऱ्याने आधी समोरच्याचा सूर ऐकावा, मग हळूच त्यात आपला मिळवावा. मी ऐकला. तो माझ्या एका काळ्या पट्टीच्या आसपास होता. आसपासच, नेमका तिथे नव्हता, शेजारच्या पांढरीवरही नव्हता. मी तरी अंदाजाने काळी दाबली आणि बारीक सूर धरून ठेवला.

म्हातारी ओळ अर्धी टाकून थांबली. "कोन रं तो? त्याला सांग, ते मच्छर मारायचं यंत्र बंद कर."

सगळा मांडव हसला. नवरी हळदीच्या हातांनी तोंड झाकून हसली. आयुष्यात पहिल्यांदा माझं वाजवणं लोकांपर्यंत पोचलं होतं. मी बटण दाबून कीबोर्ड बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसलो. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून ऐकलं.

म्हातारीचा आवाज गोड नव्हता. चिरका होता, वर जाताना घासायचा. ती ओळ मध्येच सोडायची, श्वासासाठी, पण ओळ तुटायची नाही. डावीकडची बाई ती तिच्या तोंडातून काढून घेतल्यासारखी उचलायची आणि तिचा श्वास सरायच्या आत उजवीकडची. तिघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. एक पानाला चुना लावत होती. आम्ही प्रत्येक गाण्याआधी मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजायचो आणि तरी ढोलकीवाला पळायचा. गाण्यात जात्याचं नाव होतं, हळदीचं, तेल आणणाऱ्या तेलणीचं, मग नवरीच्या आईचं, आत्याचं, मामाचं. ज्याचं नाव येई तो माणूस हातातलं काम थांबवून उभा राही. नवरीचा मामा इतका वेळ बाहेर खुर्च्यांवरून कोणाशी तरी भांडत होता, तो आत आला आणि खांबाला धरून उभा राहिला. नवरी मघाशी हसत होती. आता तिच्या गालावरची हळद ओघळत होती आणि ती पुसायला तिचे हात मोकळे नव्हते. मागे कोणाचा तरी फोन वाजला, आचाऱ्याने कढईत काहीतरी सोडलं त्याचा चर्र आवाज झाला, आणि त्याने काहीही बिघडलं नाही.

मला त्या पान लावणाऱ्या बाईचा हेवा वाटला. अजूनही वाटतो.

धवला संपल्यावर मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लांबलं जरा." पण स्पीकर लगेच चालू करायला तो गेला नाही. थोडा वेळ तसाच उभा राहिला, जणू बटण कुठलं ते विसरलाय.

बहिणीने नवरीकडच्यांना विचारून तो व्हिडिओ पानावर टाकला, अख्खा, वर काही न लिहिता. लोकांनी पाहिला, एकमेकांना पाठवला. ज्यांनी पूर्ण टाका म्हणून लिहिलं होतं त्यांना तिने एकेकाला शोधून कळवलं. अर्थात एकाने लिहिलंच, 'एक नंबर! फक्त मागे बेंजो पाहिजे होता.' वर्गात सरांनाही तो फार आवडला. त्यांनी सगळ्यांना तो दाखवला, 'सक्रिय श्रवणाची यशोगाथा' म्हणून, आणि म्हातारी गात असताना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यावर बोलले. बहिणीने तेवढ्यात फोन बंद केला. पुढच्या, प्रगत वर्गाला तिने नाव घातलं नाही.

रेकॉर्डिंग म्हातारीला ऐकवायचं राहिलं होतं. आम्ही परत सातपाटीला गेलो. सून ओट्याच्या कडेला मासळी साफ करत होती. म्हातारीने फोन हातात घेतला, कानाशी धरला, मग लांब धरला, आणि आवाज सुरू झाला.

सुनेचा हात थांबला. ती खवल्यांचे हात तसेच घेऊन जवळ आली. लग्नांत ती नेहमी मागे चुलीपाशी किंवा भांड्यांत असायची, आणि पुढे आम्ही, बँड. सासूचा धवला तिने असा समोर बसून कधी ऐकलाच नव्हता.

"आये, हे तुमी?"

"नाय, शेजारीन," म्हातारी म्हणाली.

सून हसली नाही. खाली बसली. "परत लावा," ती बहिणीला म्हणाली. परत लावलं. मध्येच ती म्हणाली, "थांबा. हे काय म्हनलं? तेलनीच्या नंतर?"

म्हातारीने तो शब्द सांगितला. सुनेला तो वेगळाच ऐकू आला होता. तिच्या माहेरी, अर्नाळ्याकडे, तिथे दुसरा शब्द होता. म्हातारी म्हणाली, अर्नाळ्याच्या बाया काय पन म्हंतात. सून म्हणाली, तुमीच चुकलाव. मग सुनेने माहेरची ओळ चालीवर म्हणून दाखवली, म्हातारीने ती मध्येच तोडून स्वतःची म्हटली, आणि दोघींचे आवाज एकमेकींवर चढत गेले. फोन ओट्यावर तसाच वाजत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बहिणीने तो हळूच उचलून घेतला.

आम्ही चपला घातल्या. "येतो आम्ही," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही.